नगर रस्त्याचा कठडा, गोंदियाची पायरी

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड करत पुण्याला पोहोचते आणि तिथून पुढे कोल्हापूरला जाते. आमच्या जिल्ह्यातली शिकलेली पोरं याच गाडीने पुण्याला गेली, तिथे नोकरीला लागली, आणि दिवाळीला घरी येताना बॅगांबरोबर तिथले वादही घेऊन येऊ लागली. यंदा आमच्या घरात असाच एक वाद उतरला. पुण्याच्या नगर रस्त्यावरची बीआरटी, म्हणजे बससाठी राखून ठेवलेली मार्गिका, महापालिकेने २०२३ पासून तुकड्या-तुकड्याने काढून टाकली. ते बरं झालं की वाईट?

काढून टाकली ते उत्तम झालं, असं माझ्या मेहुण्यांचं म्हणणं. गोंदियाच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि मुलगा खराडीला राहतो, त्यामुळे वर्षातले काही आठवडे ते पुण्यात असतात. माझ्या मुलीचं म्हणणं नेमकं उलट. ती नगररचना शिकली, त्याच रस्त्यावरून बसने कामाला जायची. मामा-भाचीचा हा वाद मी ऐकत होतो. माझी सगळी नोकरी आमगावच्या शाळेत, एसटीच्या भरवशावर झाली आहे. माझा कल कुणाकडे असेल हे त्यामुळे वाचकांनी आधीच धरून चालावं.

थोडा मागचा हिशेब सांगायला हवा. बससाठी स्वतंत्र मार्गिका हा प्रयोग देशात पहिल्यांदा पुण्यात झाला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर, केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या पैशातून. त्याच वर्षी केंद्राचं शहरी वाहतूक धोरण आलं होतं आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की रस्त्याची जागा वाहनांचा नव्हे, माणसांचा विचार करून वाटावी. पुढे २०१५ मध्ये 'रेनबो' नावाने दुसरा टप्पा आला: संगमवाडी-विश्रांतवाडी, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी-किवळे, नाशिक फाटा-वाकड. २०१६ मध्ये नगर रस्ता सुरू झाला. मधोमध बसथांबे, उजव्या बाजूलाही दरवाजे असलेल्या बस, दोन्ही बाजूंना कठडे. आणि हा तोच रस्ता, ज्या पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस धावली.

"मी तिथं उभा राहून पाहिलं आहे," मामांनी सुरुवात केली. "सकाळी पोरगा गाडी काढते. विमाननगरच्या चौकात आम्ही अडकलेले. पुढे गाड्या, मागे गाड्या, हॉर्नवर हॉर्न. अन् बाजूची बसची लेन मोकळी. बस नाही, काही नाही. कधीतरी एक येते अन् भुर्रकन निघून जाते. मंग माणसाले राग येणार नाही तर काय? रोड टॅक्स आम्हीबी भरतो ना?"

"तुम्ही गाडीत बसून बसकडे पाहत होता, मामा. मी बसमध्ये बसून तुमच्याकडे पाहत होते," मुलगी म्हणाली. "येरवड्याला बसमध्ये चढलं की किती वाजता उतरणार हे मला ठाऊक असायचं. पाऊस असो, लग्नाची वरात असो, पाच मिनिटं इकडे-तिकडे. आणि माझ्याबरोबर कोण असायचं माहीत आहे? सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया. वॉचमन. आयटी कंपन्यांत फरशी पुसणारी पोरं. वाघोलीहून येणारे मजूर. त्या बाईला पाच मिनिटं उशीर झाला तर पहिल्या घरचं बोलणं खायचं, मग दुसऱ्या घरचं. तुमच्या मुलाला उशीर झाला तर तो गाडीतून फोन करून मीटिंगला हजर होतो."

"त्याच्या उशिराले किंमत नाही काय?"

"आहे. एका माणसाच्या उशिराइतकी आहे. बसमध्ये पन्नास माणसं होती."

मामांना हे लागलं, पण ते हटले नाहीत. "पन्नास होती तेव्हा होती. बस रिकामी पण जाते. अन् ते थांबे रस्त्याच्या मधोमध! तुझ्या मामीले गुडघे दुखतात. तिनं चार लेन ओलांडून मधी जायचं कसं? कात्रज-हडपसरच्या वेळी रस्ता ओलांडताना लोक मेले, पेपरात येत होतं. ज्याच्यासाठी बस केली त्यालेच बसपर्यंत जाता येत नाही, तर ती कोणाची सोय झाली?"

ही तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे पुण्यात वेळेवर लक्ष दिलं गेलं नाही. पहिला मार्ग घाईने सुरू झाला. थांबे अपुरे, पादचाऱ्यांसाठी सिग्नल अपुरे, कठडे तुटके, आणि लेनमध्ये वाटेल त्याची घुसखोरी. लोकांच्या मनात बीआरटीचं जे पहिलं चित्र बसलं ते अपघातांचं. पुढच्या टप्प्यात बांधणी सुधारली, पण ते चित्र पुसलं गेलं नाही. मुलीनेही ते नाकारलं नाही. "मधल्या थांब्यापर्यंत जायला प्रत्येक ठिकाणी झेब्रा पट्टे, सिग्नल आणि तो पाळायला लावणारा माणूस हवाच," ती म्हणाली. "ते नसेल तर तुमचा विरोध मी पण करीन. पण आता कठडा काढल्यावर मामीला रस्ता ओलांडायला सोपं झालं का? आता तिला थांबायला मधली जागाच उरली नाही."

मग तिने मामांची वही मागितली. दिवाळीच्या पूजनाची नवी वही नव्हे, जुनी, उधारीची. मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला.

"एक लेन, साधारण साडेतीन मीटर रुंद. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर तासाला सातशे गाड्या निघाल्या धरा. एका गाडीत सरासरी दीड माणूस. म्हणजे हजारभर माणसं. आता त्याच लेनमध्ये फक्त बस. दर तीन मिनिटांनी एक म्हणजे तासाला वीस बस, प्रत्येकी पन्नास. झाली हजार. दर मिनिटाला एक बस असेल तर तीन हजार."

मामांनी चष्मा वर केला. दुकानदाराला आकडा वाचायला शिकवावं लागत नाही. "म्हणजे बस दर दहा मिनिटांनी येत असंल तर?"

"तासाला सहा. तीनशे माणसं."

"मंग गाड्यावाल्याचं बरोबर होतं ना! हजाराची जागा घेऊन तीनशे माणसं नेली तर तोटाच आहे."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "हो. ज्या तासात, ज्या तुकड्यावर बस इतक्या कमी होत्या, तिथे लेन तोट्यात होती."

"अजून एक," मामांना आता बळ आलं होतं. "तू गाडी धरली. पुण्यात गाड्या कमी अन् फटफट्या जास्त. एका लेनमध्ये तीन फटफट्या बाजू-बाजूने जातात. त्यायचे किती माणसं होतील?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण बसमार्गिकेवरच्या बहुतेक चर्चा तो विचारतच नाहीत. परदेशातली गणितं मोटारींची असतात. आपल्याकडे बसची खरी स्पर्धा दुचाकीशी आहे. दुचाकी कमी जागा खाते, दारापर्यंत नेते, सिग्नलला वाट काढते, आणि जिला रोज दोन बस बदलाव्या लागतात तिला ती महिन्याकाठी फार महागही पडत नाही. दुचाकींनी भरलेली लेन मोटारींच्या लेनपेक्षा किती तरी जास्त माणसं नेते. म्हणजे आपल्याकडे बसमार्गिका सार्थ ठरायची असेल तर बस दर तीन मिनिटांनी येऊनही भागणार नाही, ती दर मिनिटा-दीड मिनिटाला यायला हवी. ज्या शहराने कठडे उभारताना बसची संख्या त्या हिशेबाने वाढवली नाही, त्याने विरोधकांच्या हाती आयतं कारण दिलं.

मुलीचं उत्तर वेगळ्या बाजूने आलं. "दुचाकीची किंमत पेट्रोलमध्ये मोजू नका, मामा. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातली चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. आपल्याच आळीत मोजा, किती घरांत असं झालंय."

यावर कुणी काही बोललं नाही. आमच्या आळीत मोजायची गरज नव्हती.

मामांनी विषय फिरवला. "पण बाप्पा, तुझं हे चांगलं असतं तर सगळीकडूनच काहून काढलं? दिल्लीतलं काढलं. भोपाळचं काढलं. आता इंदूरचं पण काढून रायले. मी इंदूरले जातो, पाहिलेलं आहे. तिथं तर बस भरून जायच्या."

यादी बरोबर होती. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे सहा किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या दिवसापासून मोटारवाल्यांच्या रागाचा धनी झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली आणि बसचा मार्ग राहू दिला. तरी २०१६ मध्ये सरकारने तो उखडला. भोपाळने २०२४ मध्ये आपला मार्ग काढायला घेतला. इंदूरचा, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतचा, साडेअकरा किलोमीटरचा मार्ग २०१३ पासून चालू होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो हटवायला परवानगी दिली. आमच्या गोंदियाच्या शेजारचं राज्य ते. बालाघाट इथून हाकेच्या अंतरावर.

"इंदूरचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं," मुलगी म्हणाली. "तुम्हीच म्हणता बस भरून जायच्या. म्हणजे तीनशेच माणसं नेण्याचा तोटा तिथे नव्हता. तरी काढलं. मग कारण रिकामी लेन हे नाहीच. कारण हे की गाडीत बसलेला माणूस आमदाराला फोन करू शकतो आणि बसमधल्याला आमदाराचा नंबर माहीत नसतो."

"फोन तर मी पण करतो," मामा म्हणाले.

"तेच म्हणते मी."

इथे मला थांबून माझं मत सांगावंसं वाटतं. बसमार्गिकेला होणारा विरोध अडाणीपणातून येतो असं शहरातल्या तज्ज्ञांना वाटतं, आणि समर्थन म्हणजे पुस्तकी हट्ट असं विरोधकांना वाटतं. मला दोन्ही पटत नाही. कठड्याचा त्रास ज्याला होतो तो ठरलेल्या चौकात, ठरलेल्या दुकानात, रोज तिथेच असतो. त्याला नाव आहे, संघटना आहे, निवेदन लिहायला वकील आहे. कठड्याचा फायदा ज्यांना होतो ते हजारो आहेत, पण ते थांब्यावर पाच मिनिटं एकत्र येतात आणि पांगतात. त्यांची संघटना होत नाही. लोकशाहीत ज्याचा आवाज एका जागी साठतो तो ऐकू येतो. ही विरोधकांची चूक नव्हे. ज्यांनी रस्ता आखला त्यांनी या पांगलेल्या माणसांना एका जागी बसवायला हवं होतं, आणि तेही कठडा बांधायच्या आधी, थांब्यावर उभं राहून, त्यांच्या वेळेला. तसं झालं असतं तर नगर रस्त्याच्या वेळी काढून टाका म्हणणाऱ्यांसमोर काढू नका म्हणणारेही उभे राहिले असते. ते उभे राहिले नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

"अहमदाबादचं अजून चालू आहे," मुलगी सांगत होती. "२००९ पासून. तिथे जनमार्ग नावाची वेगळी कंपनी काढली, आणि तिकीट लावायच्या आधी काही काळ लोकांना फुकट बसवून दाखवलं. पिंपरी-चिंचवडचं चालू आहे. तोच प्रांत, तेच लोक, तेच सरकार, फक्त रस्ते रुंद आणि मार्ग अखंड. नगर रस्त्यावर काय झालं? मेट्रोचं काम आलं, मार्ग मधेच तुटला. येरवड्यापासून लेन, मग लेन नाही, मग पुन्हा लेन. तुटलेल्या लेनमधून बस बाहेर पडते तेव्हा तिला गर्दीत घुसायला आणखी वेळ लागतो. मग लोक म्हणतात, बघा, बसला फायदा नाही."

"कालवा खणला अन् पाणीच सोडलं नाही," मामा म्हणाले. इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रात त्यांची थोडी धानाची शेती आहे, त्यामुळे ही उपमा त्यांच्या तोंडी आपोआप आली. "मधी मधी फुटलेला कालवा. शेवटच्या शेतात पाणी पोचत नाही, अन् ज्याची जमीन कालव्यात गेली तो मात्र रोज रडते."

"मग कालवा बुजवायचा की दुरुस्त करायचा?"

"ते ज्याची जमीन गेली त्याले विचार."

आता वाद खऱ्या जागी आला होता. मामांची जमीन म्हणजे त्यांच्या दुकानाची पायरी. काही वर्षांपूर्वी बाजारातला रस्ता रुंद करायचा म्हणून दुकानांच्या पायऱ्या आणि पुढची छपरं तोडली गेली. तोडायला एक सकाळ लागली. नाली मात्र कितीतरी दिवस उघडी राहिली, गिऱ्हाईक फळीवरून तोल सांभाळत दुकानात यायचं. रुंद झालेल्या जागेत शेवटी उभं काय राहिलं, तर हातगाड्या, ई-रिक्षा आणि दुचाक्यांची रांग. मामांना पायरीचं दुःख नाही. त्यांना दुःख याचं आहे की जे सांगून पायरी घेतली ते कधी झालंच नाही.

"मले बसशी दुश्मनी नाही," ते म्हणाले, आणि मला वाटतं हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा अगदी शांतपणे म्हटलं. "मले भीती याची आहे की आधी घेतात. देणं नंतर. अन् नंतर कधी येत नाही. माझ्या दुकानापुढं उद्या कठडा आला तर मेटाडोर उभा कुठं राहील? पितळेच्या गुंडाचं पोतं डोक्यावर घेऊन कोण चौकापासून येईल? गिऱ्हाईक फटफटी लावल कुठं? त्याले जागा नाही मिळाली तर तो पुढच्या मॉलमध्ये जाईल, अन् तिथून मग परत येत नाही."

"तुमचं गिऱ्हाईक फटफटीने येतं?"

"मंग?"

"लग्नाची भांडी घ्यायला कोण येतं, मामा? सालेकसाहून, देवरीहून, गोरेगावहून. चार-पाच बाया, एक म्हातारा, आणि नवरीची आई. त्या कशाने येतात?"

मामांनी आठवून पाहिलं. दुकानात बिल फाडताना ते गाव लिहितात, ही त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. "येताना एसटीनं येतात. काही रेल्वेनं. जाताना माल घेऊन रिक्षा करतात स्टँडपर्यंत."

"म्हणजे तुमची सगळ्यात मोठी बिलं बसने येतात."

"लग्नसराईची. रोजचं गिऱ्हाईक फटफटीचंच."

मला इथे दोघांचंही पटलं. ठिकठिकाणच्या दुकानदारांना असं वाटतं की आपलं गिऱ्हाईक वाहनाने येतं, कारण दारात लावलेलं वाहन दिसतं, थांब्यावरून चालत आलेली बाई दिसत नाही. पण मामांचं रोजचं गिऱ्हाईक, चमचे-ताट घेणारं, खरोखर दुचाकीवरच येतं, आणि त्यावरच महिन्याचं भाडं निघतं. कोणत्या दुकानाला काय लागतं हे त्या दुकानाच्या बिलातून कळेल. बाहेरून ठरवता येणार नाही.

मुलीने न्यूयॉर्कची एक हकीकत सांगितली. तिथे मॅनहॅटनमधल्या चौदाव्या रस्त्यावर २०१९ मध्ये खासगी मोटारींना जवळजवळ बंदी करून तो बस आणि मालवाहू ट्रकसाठी ठेवायचं ठरलं. आजूबाजूच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. भीती ही की मुख्य रस्त्यावरून हटलेल्या गाड्या आमच्या शांत गल्ल्यांत शिरतील. दाव्यामुळे काम उन्हाळ्यातून ऑक्टोबरपर्यंत लांबलं. मग सुरू झालं, बसचा वेग वाढला, आणि गल्ल्यांत भीती होती तसा पूर आला नाही. पुढच्या वर्षी ती व्यवस्था कायम झाली.

"त्यायनं मालाच्या गाड्या सोडल्या ना आत?" मामांनी नेमकं तेच पकडलं.

"हो. बस आणि ट्रक. मोटार बंद."

"मंग पुण्यात काहून नाही सोडल्या? कठडा टाकला की मेटाडोरले पण बंद. हे ज्यानं आखलं त्यानं कधी दुकान चालवलं नसंल."

कोलंबियाच्या बोगोटा शहराचंही नाव निघालं. डिसेंबर २००० मध्ये तिथे ट्रान्समिलेनिओ सुरू झाली तेव्हा जुन्या खासगी बसमालकांचा धंदा बुडणार होता. त्यांना बाहेर न ठेवता नव्या बस चालवणाऱ्या कंपन्यांत सामील करून घेतलं. मुलीच्या मते तिथली मार्गिका टिकली त्याचं हे मोठं कारण. ज्याचं नुकसान होणार त्याला आधी त्या कामात भागीदार केलं.

रात्री जेवणं झाल्यावर विषय पुण्याहून गोंदियावर आला. खरं तर तो तिथेच यायला हवा होता. गोंदियात बस म्हणजे एसटी. आमगाव, तिरोडा, देवरी, अर्जुनी मोरगावकडून येणारी गाडी मोकळ्या रस्त्याने झपाट्याने येते आणि शहरात शिरल्यावर अडते. ज्या गाडीने साठ-सत्तर माणसं आणली ती ई-रिक्षाच्या मागे, माल उतरवणाऱ्या टेम्पोच्या मागे, दुकानापुढे तिरप्या लावलेल्या दुचाकीच्या मागे उभी राहते. त्यात कोण असतं? मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बाया पूर्वीपेक्षा जास्त. पंचाहत्तरी ओलांडलेले म्हातारे, त्यांना तिकीट नाही. आणि गावातून शाळा-कॉलेजला येणाऱ्या पोरी. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आमच्या जिल्ह्यात धावतात त्या या पोरींसाठीच. मी शाळेत असताना पहिला तास सुरू झाल्यावर दारात उभ्या राहणाऱ्या मुली पाहिल्या आहेत. "बस लेट झाली सर" हे वाक्य त्या इतक्या सवयीने म्हणायच्या की पुढे मी कारण विचारणंच सोडलं. त्या पोरींनी कधी कुठल्या बैठकीत तोंड उघडलेलं मला आठवत नाही. मी तरी त्यांच्यासाठी कधी उघडलं होतं?

"इथं कठडा टाकायला रस्ताच नाही," मामा म्हणाले. "इथं लेन कुठून आणशील?"

"नको लेन," मुलगी म्हणाली. "लेन पुण्याला लागते. इथे वेळ लागते. सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचार ते सहा, बसच्या वाटेवर माल उतरवायचा नाही आणि दुचाकी रस्त्यावर लावायची नाही. बाकी वेळ तुमचा. कठडा नको, पायरी नको, खर्च नको. एक पांढरी रेघ आणि एक पाटी."

"अन् पाटीजवळ एक शिपाई. नाहीतर पाटीवरच कपडे वाळत घालतील."

"शिपाईपण."

मामांनी वही परत ओढली आणि त्याच पानाखाली लिहायला घेतलं. दुकानदार बोलणी करताना लिहितो, कारण तोंडी सौद्याला नंतर कुणी विचारत नाही. पहिली अट, माल उतरवायला दुपारची वेळ, आणि ती पाटीवर लिहिलेली. दुसरी, बाजाराच्या मागच्या बाजूला दुचाकी लावायची जागा आधी तयार, नंतर रेघ. तिसरी, सहा महिन्यांनी सगळ्यांनी बसून पाहायचं, आणि पटलं नाही तर रेघ पुसायची. चौथी अट लिहिताना ते थांबले.

"चौथी ही की बस वाढवा. सकाळच्या वेळी दोन गाड्या जास्त. नाहीतर मोकळा रस्ता पाहून लोक म्हणतील, बस तर येतच नाही, आम्ही काहून हटायचं? तुझ्या पुण्यात तेच झालं."

"पण मामा, गाडी वेळेवर फिरली नाही तर आगार जास्त फेऱ्या लावणार कशा? तीच गाडी शहरात अर्धा तास अडकते. ती अर्ध्या तासाने लवकर सुटली तर तिचीच एक फेरी वाढेल. आधी रस्ता मोकळा करा, बस आपोआप वाढते."

"आपोआप काही वाढत नाही, बेटा. माझी पायरी गेली तेव्हा पण हेच सांगतलं होतं."

इथे मी बोललो. मामांच्या बाजूने बोललो याचं मुलीला आश्चर्य वाटलं असावं. तिचा हिशेब मला खरा वाटतो. पण ज्या माणसाकडून एकदा घेऊन दिलं नाही, त्याच्याकडून दुसऱ्यांदा मागताना सुरुवात देणाऱ्याने करायला हवी. बस आधी यावी, अगदी गर्दीत अडकत का होईना. तिच्यात चढणारी माणसं बाजाराला दिसावीत. मग रस्ता मागावा, आणि मागायला त्या बसमधल्या बायांनाच न्यावं.

मुलीला हे मान्य नाही. दोन गाड्या गर्दीत अडकवून ठेवल्या तर त्या रिकाम्या फिरतील, आणि मग तेच रिकामेपण त्या बंद करायला कारण म्हणून दाखवलं जाईल, असं ती म्हणते. एसटीच्या आतल्या माणसांनाही असाच अनुभव येतो हे मला माहीत आहे, त्यामुळे तिचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही.

मामांनी चारही अटी असलेलं पान फाडून तिच्या हातात दिलं. नगर परिषदेला आणि आगाराला द्यायचा अर्ज तिने लिहावा, बाजारातल्या सह्या ते गोळा करतील असं ठरलं. बसमधल्यांच्या सह्या कोण गोळा करणार, हे विचारल्यावर दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. सोमवारी सकाळी आमगावच्या पहिल्या गाडीने जायचं मी कबूल केलं. चौथ्या अटीचा क्रम मात्र अजून ठरलेला नाही. मुलीच्या मसुद्यात ती शेवटी आहे, मामांनी ती पेनाने पहिली केली आहे.